बेससाठी अ‍ॅम्प घेताना वॅट शेवटी पाहा

गायक रघू दीक्षित जन्माने नाशिकचे, पण वाढले म्हैसुरात. त्यांच्या बँडचे ध्वनिमुद्रण ऐकून म्हैसूरच्या अग्रहारातल्या एखाद्या मुलाने बेस गिटार हाती घेतली, तर अ‍ॅम्प घ्यायला गेल्यावर त्याच्या कानी पहिला प्रश्न पडतो तो ‘किती वॅटचा?’ हाच. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा.

बेसची सर्वांत जाड तार, म्हणजे खालचा ई, सेकंदाला 41 वेळा कंप पावते. साध्या गिटारची जाड तार 82 वेळा. फरक एका सप्तकाचा, पण तेवढ्याच पातळीचा आवाज काढायला स्पीकरच्या पडद्याला चौपट मागेपुढे व्हावे लागते. म्हणूनच गिटारच्या अ‍ॅम्पवर बेस मोठ्याने वाजवू नये. पडदा फाटण्याची भीती असते. त्यात आपला कानही खालच्या स्वरांना मंद. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच ते मोजून दाखवले होते.

हवा हलवायची तर पडद्याचे क्षेत्रफळ हवे. 1969 साली आलेल्या अँपेगच्या एसव्हीटी या प्रसिद्ध अ‍ॅम्पची ताकद 300 वॅट होती, पण त्याच्यासोबतच्या एकेका कॅबिनेटमध्ये दहा इंचांचे आठ स्पीकर असत. वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो जेमतेम 3 डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट! याउलट 94 ऐवजी 97 डेसिबल संवेदनशीलतेचा, म्हणजे एका वॅटमध्ये एक मीटरवर तेवढा आवाज देणारा, स्पीकर निवडला, तर 100 वॅटमध्ये 200 वॅटचे काम होते. हा आकडा माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतो, तो शोधाच. पुढे दुसरे कॅबिनेट जोडायचे असेल तर ओम, म्हणजे स्पीकरचा विद्युतरोधही पाहा. आठ ओमची दोन कॅबिनेटे समांतर जोडली की चार ओम होतात, आणि अ‍ॅम्पला तेवढा भार चालतो का, हे त्याच्या पाठीवर लिहिलेले असते.

आता खोलीकडे वळू. खालच्या ईची तरंगलांबी सुमारे 8.4 मीटर. तिच्या निम्मी, म्हणजे सुमारे 14 फूट लांबीची खोली नेमकी याच स्वराला घुमते. जुन्या घरात अशी खोली सहज सापडते. त्या स्वराचा दाब दोन्ही टोकांच्या भिंतींशी सर्वाधिक असतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. वाजवणारा मधे उभा राहतो, त्याला ई ऐकू येत नाही, तो आवाज वाढवतो. आणि भिंतीला लागून राहणाऱ्या शेजाऱ्यांची भांडी थरथरू लागतात. अशा वेळी नॉबला हात लावू नका, दोन पावले सरका. अ‍ॅम्पही कोपऱ्यातून बाहेर ओढा, कारण कोपऱ्यात बेस फुगतो.

निवासी भागासाठी कायद्याची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. पण ती ज्या ए-मापाने मोजतात, त्यात 40 हर्ट्झचा आवाज सुमारे 35 डेसिबलने कमी धरला जातो. मीटर गप्प राहिला तरी भिंतीपलीकडच्या आजींची झोप मोडलेली असू शकते. तेव्हा रात्री हेडफोनच लावा.

मोठ्या मंचाची चिंता मात्र सोडा. म्हैसूरच्या युवा दसऱ्यासारख्या कार्यक्रमात बेस डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) पेटीतून थेट मुख्य ध्वनियंत्रणेत जातो आणि गर्दीपर्यंत पोहोचवण्याचे काम तीच करते. तुमचा अ‍ॅम्प फक्त तुम्हाला आणि ड्रमरला ऐकू आला की पुरे. घरी सराव आणि अधूनमधून कार्यक्रम एवढीच गरज असेल, तर दहा किंवा बारा इंची स्पीकरचा, हेडफोन आणि डीआयची सोय असलेला कॉम्बो (एकाच पेटीत अ‍ॅम्प आणि स्पीकर) घ्या. दुकानात जाताना स्वतःची बेस सोबत न्या, मोकळी ई तार जोरात छेडा आणि स्वर फाटतो का ते ऐका. वॅटचा आकडा त्यानंतर वाचा.