खांचेंतील शर्यत

सुगी आटोपली, रानें मोकळीं झालीं, कीं मराठवाड्यांत आणि वऱ्हाडांत शंकरपटाचे दिवस येतात. शंकरपटांत वळण नाहीं, फेरा नाहीं, लांबचा पल्लाहि नाहीं. सरळ आंखलेली वाट, हलकी छकडी, दोन बैल व एक हांकणारा. कांहीं सेकंदांत सारा निकाल. दोन जोड्यांमधील अंतर डोळ्यांना दिसेनासें झालें म्हणजे घड्याळाकडे पाहावें लागतें आणि सेकंदाच्या शंभराव्या भागावर बक्षिसें ठरतात. बीडच्या बाजूचा जो मनुष्य हा प्रकार एकदां पाहून आला आहे, त्याला अमेरिकेंतील ‘ड्रॅग रेस’ समजावून सांगावयास फारसे श्रम पडणार नाहींत.

तिकडे बैलांच्या जागीं मोटारगाड्या आहेत, एवढेंच. अंतर पाव मैलाचें, म्हणजे १३२० फुटांचें. १९५० सालीं कॅलिफोर्नियांतील सँटा ॲना येथें विमानतळाच्या धांवपट्टीवर अशा शर्यती नियमानें भरूं लागल्या, आणि पुढील वर्षीं त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. परंतु येथें सांगावयाची गोष्ट त्या मोठ्या गाड्यांची नव्हे. तळहातावर मावणाऱ्या त्यांच्या प्रतिकृतींची आहे.

१९५७ सालीं इंग्लंडांत फ्रेड फ्रान्सिस या कारखानदारानें ‘स्केलेक्स्ट्रिक’ नांवाचा विजेचा खेळ बाजारांत आणला. पट्टीमध्यें एक खांच, खांचेच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या आणि त्यांतून वाहणारा वीजप्रवाह. गाडीच्या पोटाखालीं एक लहानशी जीभ असते. ती खांचेंत उतरते व गाडीला वाट सोडूं देत नाहीं. तिच्या दोन अंगांस तांब्याच्या तारांच्या वेण्या असतात, त्या पट्ट्यांवर घासत वीज घेतात. आगगाडीच्या खेळण्यांतली कल्पनाच ही. फरक इतकाच कीं येथें वेग खेळणाऱ्याच्या बोटांत असतो. हातांतील घोडा जितका दाबावा तितका प्रवाह अधिक.

या गाड्यांचीहि पुढें सरळ शर्यत निघाली, आणि तिची पट्टी मापानें आंखलेली असते. गाडी मूळच्या चोविसाव्या हिश्श्याची असेल तर पाव मैलाचाहि चोविसावा हिस्सा घ्यावयाचा. तो बरोबर ५५ फूट भरतो. एखाद्या जुन्या वाड्याच्या दिंडीपासून परसापर्यंत जेमतेम पुरेल एवढें हें अंतर. चांगली बांधलेली गाडी तें एका सेकंदाच्या आंत तोडते. समजा, ०.८० सेकंद लागले. तर सरासरी वेग ताशीं सुमारें ४७ मैल पडतो. कांहीं हौशी लोक या आंकड्याला चोविसानें गुणून अकराशें मैलांवर नेऊन ठेवतात. गुणाकार चुकीचा नाहीं, पण तो फसवा आहे. अंतर लहान करतां येतें. सेकंद लहान करतां येत नाहीं.

अशा ठिकाणीं प्रथमच जाणाऱ्यास बहुधा कांहींच दिसत नाहीं. दोन गाड्या रेषेवर उभ्या आहेत, दिवे लागले, आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों दोन्ही गाड्या पलीकडच्या टोकास मऊ गादींत जाऊन रुतल्या! म्हणून पाहणाऱ्यानें गाड्यांकडे न पाहतां दिव्यांच्या खांबाकडे पाहावें. पिवळे दिवे लागतात, मग हिरवा. हिरव्यापूर्वीं गाडी हलली तर तांबडा दिवा लागून डाव जातो. येथें घड्याळें दोन असतात, हें ध्यानीं घेतल्यावांचून खेळाचें मर्म कळत नाहीं. एक घड्याळ हिरव्या दिव्यापासून गाडी हलेपर्यंतचा वेळ मोजतें, तो माणसाचा. दुसरें गाडी हलल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंतचा, तो गाडीचा. एकाची गाडी ०.८० सेकंदांत धांवली, पण दिव्यावर त्यानें ०.१२ घालविले. दुसऱ्याची गाडी ०.८७ घेते, पण हात ०.०३ मध्येंच चालला. पहिल्याची बेरीज ०.९२, दुसऱ्याची ०.९०. मंद गाडी जिंकली, आणि जिंकणें सर्वथैव न्याय्य आहे.

याहूनहि मार्मिक एक प्रकार आहे. त्यांत प्रत्येकानें आपली गाडी किती वेळांत पोंचेल तें आधीं जाहीर करावयाचें. एकानें ०.९५ सांगितले व दुसऱ्यानें ०.८०, तर पहिल्याला हिरवा दिवा ०.१५ सेकंद आधीं मिळतो. मग मुद्दाम मंद आंकडा सांगून सवलत कां उपटूं नये? कारण जाहीर केलेल्या वेळेपेक्षां गाडी लवकर पोंचली तर तो हरला. गरिबाची साधी गाडी आणि श्रीमंताची महागडी गाडी यांना एका रेषेवर उभें करण्याची इतकी सोपी युक्ति अन्य खेळांत क्वचितच आढळते.

गाडीचें खरें घर मात्र पट्टीवर नसून हौशी माणसाच्या मेजावर असतें. डाख देण्याची कांडी, लहान चिमटे, नाजूक तराजू, दांत्याच्या चाकांच्या डब्या. मोटारीच्या धुरेवर बारा दांत्यांचें चाक आणि मागच्या आंसावर छत्तीस दांत्यांचें बसविलें, तर मोटारीच्या तीन फेऱ्यांत चाकांची एक फेरी होते. हें प्रमाण वाढविलें कीं गाडी रेषेवरून झडप घालते, पण अर्ध्या वाटेंत तिचा दम संपतो. कमी केलें कीं शेवटीं वेग येतो, पण आरंभीं ती रेंगाळते. मोटारींतील गुंडाळणीचेंहि तसेंच. जाड तारेचे थोडे वेढे दिले तर मोटार फार जलद फिरते, फार वीज खाते आणि लवकर तापते. तालुक्याच्या गांवीं जळालेली पंपाची मोटार भरून देणारा कारागीर हें मेज पाहून क्षणभरहि गोंधळणार नाहीं.

सर्वांत अवघड प्रश्न चाकांचा. शक्ति कितीहि असली तरी मागचीं चाकें जागच्या जागीं फिरलीं तर ती फुकट जाते. म्हणून मऊ रबर, त्याची वारंवार सफाई, पट्टीवर चिकट द्रवाचा हात, आणि शिशाचा तुकडा गाडींत नेमका कोठें ठेवावा याचा दिवसभराचा खल. थांबण्याची युक्ति तर फारच सुंदर आहे. घोडा सोडतांच दोन्ही पट्ट्या एकमेकींस जोडल्या जातात. फिरती मोटार क्षणांत स्वतःच वीज उत्पन्न करूं लागते आणि ती वीजच तिला रोधते.

शंकरपटाशीं या खेळाचें जें साम्य आहे, त्यांत एक काटा आहे. येथें वीज हाच गाडीचा प्राण. तेथें बैलाला विजेचा झटका देणें हा अपराध. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली ती असल्याच क्रौर्याच्या कारणानें. महाराष्ट्रानें २०१७ सालीं कायदा दुरुस्त केला, १६ डिसेंबर २०२१ रोजीं अटींसह शर्यतींना मोकळीक मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें तो कायदा उचलून धरला. चाबूक, काठी व विजेचें यंत्र यांस मनाई आहे. ती पाळली जाते कीं नाहीं हें प्रत्येक पटावर नव्यानें पाहावें लागतें. सात वर्षें पट बंद असतां कित्येक गांवांच्या यात्रा सुन्या गेल्या. खांचेंतील गाडी ती उणीव भरून काढील असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. गोठ्यांत वाढविलेल्या जोडीचा अभिमान पितळी चाकांना कोठून यावा?

तथापि शाळेला हा खेळ परवडण्यासारखा आहे. चौसष्टाव्या हिश्श्याच्या गाड्यांना पाव मैल म्हणजे अवघे २० फूट साडेसात इंच. एवढें अंतर बीडमधील कोणत्याहि शाळेच्या ओसरीवर निघेल. फळीवर दोन खांचा पाडाव्या, कडांना तांब्याची पट्टी चिकटवावी, आणि बारा व्होल्टची बॅटरी जोडावी. घड्याळ विकत घेण्याचें कारण नाहीं. पुष्कळ फोनांतील कॅमेरा सेकंदाला २४० चित्रें घेतो. दिवा व शेवटची रेषा एका चित्रांत येतील असा तो ठेवला, कीं चित्रें मोजून वेळ निघते, व चूक फार तर सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांची राहते. मात्र दोन पट्ट्यांवर चुकून एखादा खिळा आडवा पडला तर बॅटरीचा सारा प्रवाह त्यांतून धांवेल आणि तारा लाल होतील. यासाठीं बॅटरीजवळच योग्य मापाचा फ्यूज बसवावा; आणि तो बसविल्यावांचून मुलांच्या हातीं घोडा देऊं नये.