पदभ्रमणातील भार आणि साहित्याची निवड

क्षेत्राभ्यासासाठी सह्याद्रीत तीन-चार दिवस पायी हिंडणाऱ्या अभ्यासकाला आपला संसार पाठीवर वाहावा लागतो. या ओझ्याची निवड बहुधा सवयीने किंवा जाहिरातींच्या प्रभावाने होते. वस्तुतः तिच्यामागे काही शास्त्रीय तत्त्वे असून त्यांचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भारामुळे श्रम किती वाढतात, हा पहिला प्रश्न होय. पँडॉल्फ, गिव्होनी व गोल्डमन यांनी १९७७ साली मांडलेल्या समीकरणात शरीराचे वजन, ओझे, वेग, चढ व जमिनीचे स्वरूप यांवरून ऊर्जाव्यय काढता येतो. ६० किलो वजनाची व्यक्ती दर सेकंदास १ मीटर वेगाने, १० टक्के चढाच्या पक्क्या वाटेने जात आहे असे मानू. १० किलो ओझ्यासह हा व्यय सुमारे ४४४ वॉट, तर २० किलोसह सुमारे ५०८ वॉट येतो. म्हणजेच सुमारे १४ टक्क्यांची वाढ होते. झुडुपांच्या किंवा भुसभुशीत जमिनीवर हा व्यय आणखी चढतो.

भार शरीरावर कोठे आहे, यालाही तितकेच महत्त्व आहे. सूल व गोल्डमन यांच्या १९६९ मधील प्रयोगांत पायांवर बांधलेल्या भाराचा दर किलोमागील ऊर्जाव्यय शरीराच्या स्वतःच्या वजनाच्या मानाने चार ते सहा पट आढळला. म्हणून काटछाटीचा आरंभ जड बुटांपासून करणे युक्त ठरते.

त्यानंतर तंबू, अंथरूण-पांघरूण आणि सॅक यांचा विचार करावा. अन्न, पाणी व इंधन वगळता उरणाऱ्या भारात मोठा वाटा यांचाच असतो. सॅक सर्वांत शेवटी निवडावी. कारण आधी मोठी सॅक घेतली, की ती भरण्याचा मोह आवरत नाही. पिसांची स्लीपिंग बॅग उबेच्या मानाने हलकी खरी. परंतु पिसे भिजली की त्यांचा गोळा होतो, त्यांत कोंडलेली हवा निघून जाते आणि ऊब नाहीशी होते. तेव्हा पावसाळ्यात कृत्रिम धाग्यांची, किंचित जड बॅग अधिक भरवशाची.

तथापि हलकेपणा हे साध्य मानू नये. उन्हाळ्यात गडांवरील अनेक टाकी आटतात आणि एक लिटर पाण्याचे वजन एक किलो भरते. कोरड्या ऋतूत दोन किलोंच्या तंबूऐवजी अर्ध्या किलोचे साधे छत नेले, तर तेवढ्याच ओझ्यात दीड लिटर पाणी अधिक नेता येते. पाणी, प्रथमोपचाराचे साहित्य, विजेरी व नकाशा यांना कात्री लावून साधलेला हलकेपणा मात्र जिवावर बेतू शकतो. निघण्यापूर्वी प्रत्येक वस्तू काट्यावर तोलून तिची नोंद करावी आणि वाचलेले वजन प्रथम पाण्यासाठी राखून ठेवावे, हेच या विवेचनाचे सार होय.