अण्णा नाईक परत आले तेव्हा
लेखमाला : घरातला पडदा – भाग ७

पहाडगंजच्या मेन बझारात रात्री साडेदहाला कुणी झोपत नाही. हॉटेलांच्या हिरव्या-गुलाबी पाट्या पेटलेल्या असतात, नवी दिल्ली स्टेशनातून उतरलेली माणसं बॅगा ओढत खोली शोधत असतात, ई-रिक्षांचे हॉर्न थांबत नाहीत. या बाजारामागच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर माझी मावशी राहते. २०१६ च्या मार्चमध्ये मी तिच्याकडे होतो. साडेदहाला पाच मिनिटं असली की ती ओट्यावरून शेवटचा फडका फिरवायची, स्वयंपाकघरातला दिवा मालवायची, गल्लीकडची खिडकी लावून घ्यायची आणि खुर्ची सोडून खाली चटईवर बसायची. झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ लागायचं. त्या अर्ध्या तासात तिला कुणी हाक मारलेली खपत नसे.

गेल्या आठवड्यात आपण मालिका का लांबतात, ते पाहिलं. या वेळी प्रश्न उलटा आहे. संपलेली मालिका काही वर्षांनी परत येते, तेव्हा आनंदाने टाळ्या वाजवणारा प्रेक्षक दोन आठवड्यांत चिडतो कशाने? आणि मुळात तो मागत काय असतो?

मावशी कुडाळजवळच्या गावातून लग्न होऊन दिल्लीत आली ती १९७४ साली. काका केंद्र सरकारच्या नोकरीत. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. गावी जायचं म्हणजे आधी मुंबई आणि तिथून पुढे रात्रभर एसटी. भारतात टीव्ही सुरू झाला तोच दिल्लीत, १५ सप्टेंबर १९५९ ला, मुंबई केंद्राच्या तेरा वर्षं आधी. त्यामुळे दिल्लीच्या मराठी घरात टीव्ही लवकर आला, पण तो बोलायचा हिंदी. मराठी कानावर पडायची ती नूतन मराठी शाळेच्या आवारात, नाहीतर मंडळाच्या गणपतीत. रोज घरात बसून मराठी पाहायला मिळू लागलं ते १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झाल्यावर. आणि मालवणी? ती मावशीला टीव्हीवर अशी रोजच्या रोज ऐकायला मिळाली ती थेट २०१६ मध्ये, लग्नानंतर बेचाळीस वर्षांनी. मालिकेतला पांडू ‘इसरलंय’ म्हणायचा तेव्हा ती नुसती हसायची नाही, तो शब्द स्वतःशी पुन्हा उच्चारायची.

या मालिकेला भुताची मालिका म्हणणं मला कधीच पुरेसं वाटलं नाही. पहिल्याच भागात घरचा कर्ता पुरुष, अण्णा नाईक, मरतो. कोकणातल्या आकेरी गावच्या वाड्यात मुलंबाळं जमतात आणि मग एकेक गोष्ट अशी घडू लागते की जिचा अर्थ घरातला प्रत्येक जण वेगळा लावतो. घरची सून निलीमा विज्ञानाने लावते, बाकीचे देवचाराने, म्हणजे जागेच्या अदृश्य राखणदाराने. खरं काय, हे मालिका बराच काळ सांगत नाही. नाव घेतलं होतं ‘हा खेळ सावल्यांचा’ या १९७६ च्या चित्रपटातल्या गाण्यावरून. त्या चित्रपटात भुताचं मूळ शेवटी मनात सापडतं, कोडं सुटतं, प्रेक्षक निर्धास्त घरी जातो. मालिकेने ती सोय महिनोन्‌महिने दिली नाही.

तळकोकणातल्या माणसाला हे परकं नाही. शिरोड्याजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. तिथे नवसाला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून चपला झिजतात, अशी श्रद्धा. देवळात त्या चपला पाहिलेला माणूस ‘हे खरं की खोटं’ असं विचारत बसत नाही. तो चपलांचं माप बघतो. वास्तव आणि त्याच्या पलीकडचं असं शेजारी शेजारी नांदणं, हाच अतिवास्तवाचा गाभा आहे; आपल्याकडे तो कुठल्या कलाचळवळीतून यावा लागला नाही.

मालिकेवर आक्षेपही आले. अंधश्रद्धेला खतपाणी मिळतं, कोकणाची बदनामी होते. पहिला आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण ज्या महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा व्हायला २०१३ साल उजाडावं लागलं, तिथे करणी-भानामती रोज रात्री घरात आणताना जबाबदारी असतेच. दुसरा मात्र मला पटला नाही. आकेरीचा तो वाडा बघायला लोक गाड्या करून येऊ लागले, ते कोकणाचा तिरस्कार वाटून नव्हे.

ऑक्टोबर २०१६ मध्ये पहिलं पर्व संपलं. मावशीला मालिकेतला खुनी कोण, याचं काही पडलेलं नव्हतं. फोनवर एवढंच म्हणाली, “माका वाडो बघूचो होतो रे. आता उद्यापासून काय बघू?”

तिचं हे वाक्य आठवलं की मला नेहमी अमेरिकेतली एक मालिका आठवते. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांची ‘ट्विन पीक्स’ एबीसी वाहिनीवर ८ एप्रिल १९९० ला सुरू झाली. लाकूडगिरणीचं छोटं गाव, लॉरा पामर नावाच्या मुलीचं प्रेत सापडतं, तपासाला एफबीआयचा एजंट कूपर येतो आणि त्याला स्वप्नात लाल पडद्यांची खोली दिसते. पहिला भाग साडेतीन कोटींच्या आसपास लोकांनी पाहिला. लॉराला कुणी मारलं, ही चर्चा देशभर. लिंचना ते उत्तर द्यायचंच नव्हतं. वाहिनीने आग्रह धरला, दुसऱ्या पर्वात खुनी उघड झाला, आणि प्रेक्षक झपाट्याने गळाले. जून १९९१ मध्ये मालिका बंद. उत्तर हवं म्हणून हट्ट धरणारे उत्तर मिळताच उठून गेले, हे नीट लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्या मालिकेच्या शेवटी लॉरा कूपरला म्हणते की पंचवीस वर्षांनी पुन्हा भेटू. सव्वीस वर्षांनी, २१ मे २०१७ ला, ती शोटाइम वाहिनीवर खरंच परतली. अठरा भाग, सगळे लिंच यांनी दिग्दर्शित केलेले. जुन्या चाहत्यांना कूपर हवा होता, त्याची कॉफी हवी होती, चेरीचा ‘पाय’ हा गोड पदार्थ हवा होता. लिंचनी काय दिलं? कूपरच्या चेहऱ्याचा डगी नावाचा एक माणूस, जो समोरच्याचे शेवटचे दोन शब्द तेवढे परत म्हणतो. खरा कूपर भानावर येतो तो सोळाव्या भागात. आठवा भाग तर बराचसा कृष्णधवल, १६ जुलै १९४५ च्या पहिल्या अणुचाचणीच्या ढगाच्या आत शिरणारा, जवळपास संवादाशिवाय. कित्येकांनी तिथे टीव्ही बंद केला. कित्येकांना तोच भाग टीव्हीच्या इतिहासातला सर्वांत मोठा वाटला. फ्रान्सच्या ‘काइये द्यु सिनेमा’ या मासिकाने पुढे ही मालिका त्या दशकातल्या चित्रपटांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर ठेवली. पण वाहिनीवर पहिल्या रात्री प्रेक्षक होते पाच लाखांच्या आसपास.

चिडलेल्यांना मी दोष देत नाही. सव्वीस वर्षं वाट पाहणाऱ्याला आपली जुनी माणसं भेटावीत असं वाटणारच. पण पडद्यावरची ती माणसंही म्हातारी झाली होती, काही वारली होती. ओंडका उराशी धरणारी बाई साकारणाऱ्या कॅथरीन कोल्सन यांनी आजारपणात आपले प्रसंग चित्रित केले आणि सप्टेंबर २०१५ मध्ये त्या गेल्या. भागांत त्यांचा थकलेला चेहरा, विरळ केस तसेच दिसतात. शेरीफचं काम करणारा नट परत आला नाही, तर लिंचनी त्या जागी दुसरा नट उभा करून तोच माणूस असल्याचं भासवलं नाही. शेरीफचा भाऊ आणला. डेव्हिड बोवी वारले होते, तर त्यांच्या पात्राचं चक्क वाफ सोडणारं किटलीसारखं यंत्र केलं. गेलेला काळ गेला आहे, हे ती मालिका दर भागात सांगत होती. तेच अनेकांना सोसवलं नाही.

आता आकेरीला परत येऊ. जानेवारी २०१९ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’चं दुसरं पर्व आलं आणि त्याने फार शहाणपणाची गोष्ट केली. पुढची गोष्ट न सांगता मागची सांगितली. जो अण्णा पहिल्या पर्वात मेल्यावरही घरावर सावली धरून होता, तो आता जिवंत, समोर. माधव अभ्यंकरांनी तो असा उभा केला की त्याची नजर वळली तरी घरातली माणसं आक्रसायची. अण्णाची प्रेयसी शेवंता झालेल्या अपूर्वा नेमळेकर घराघरांत पोचल्या. कोडं बदललं. ‘वाड्यात काय आहे’ याऐवजी ‘हा माणूस असा कसा झाला, आणि याला कुणी अडवलं का नाही’ असा प्रश्न आला. मी विचारलं, यात भुतं कमी झाली, तुला चालतं का? मावशी म्हणाली, “भुताचा काय घेवन बसलंस? भय जित्या माणसाचा.”

या पर्वाला मिळालेल्या प्रेमात मला एक गोष्ट खुपली आणि अजून खुपते. जमिनी लाटणारा, बायकांचं आयुष्य नासवणारा, जीव घेणारा अण्णा लोकांना आवडू लागला. त्याचे संवाद लग्नाच्या वरातीत, मोबाइलच्या चित्रफितींत कौतुकाने आले. अभिनयाला दाद देणं वेगळं आणि त्या माणसाची ऐट अंगावर मिरवणं वेगळं. मावशीकडे हा घोळ नव्हता. अण्णा-शेवंताचा प्रसंग आला की सगळं घर त्यांच्याकडे बघायचं, ती मागे चुलीपाशी बसलेल्या माईकडे, अण्णाच्या बायकोकडे, बघायची. माई झालेल्या शकुंतला नरे त्या वेळी काय करत असत? काही नाही. भांडं पुसत असत. एका रात्री मावशीने आपल्या आजीचं नाव घेतलं आणि म्हणाली, “तीव अशीच गप होती.” एवढंच. त्यानंतर जाहिराती लागल्या.

ऑगस्ट २०२० मध्ये ते पर्व संपलं. मार्च २०२१ मध्ये तिसरं आलं. अण्णा आणि शेवंता आता दोघंही भुतं होऊन वाड्यात. करोनाच्या निर्बंधांत चित्रीकरण अडलं, मालिका थांबली, ऑगस्टमध्ये रात्री अकराला परत सुरू झाली. पुढे शेवंताची नटी बदलली. कृतिका तुळसकर आल्या. त्यांच्या कामात उणं काढायचं नाही, पण प्रेक्षक ज्या चेहऱ्यासाठी परतला होता तोच गेला, हे खरं. माझं मत विचाराल तर तिसऱ्या पर्वाचं दुखणं नटीबदलाच्याही आधीचं आहे. त्याला नवा प्रश्नच नव्हता. ज्या अण्णाची भीती जिवंतपणी पुरती पाहून झाली, त्याचं भूत पाहून अधिक काय कळणार? लिंचनी जुनं देणं नाकारलं म्हणून लोक रागावले. इथे जुनंच पुन्हा वाढलं म्हणून कंटाळले. मला विचाराल तर रागावलेला प्रेक्षक बरा. तो निदान भांडायला थांबतो.

मावशीने तिसरं पर्व दिवाळीच्या सुमारास सोडलं. “मेलेल्याक आता तरी सोडा रे,” म्हणाली आणि खिडकी उघडली. गेल्या महिन्यात मी पहाडगंजला गेलो तेव्हा ती नातवाच्या मोबाइलवर दुसरं पर्व पाहत होती, चौथ्यांदा. चष्मा कपाळावर, फोन नाकाशी. बाजारातला गोंगाट वर येत होता. माई पडद्यावर आली की ती आवाज वाढवायची, आणि माई काही बोलत नसे.

महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांना एक विनंती आहे. ही मालिका तुमच्या घरात कुणी पाहिली, कितवं पर्व सोडलं आणि का सोडलं, ते पत्राने कळवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून, त्यांच्याच बोलीत लिहा. पुढच्या भागाची सुरुवात त्या पत्रांनी करेन.