कानाने पाहिलेले चित्रपट

चित्रपटाचे परीक्षण करणारा मनुष्य डोळ्यांवर पोट भरतो अशी वाचकांची समजूत असते, आणि ती दूर करण्याची तसदी या व्यवसायातल्या कोणी आजवर घेतलेली नाही; परंतु गेल्या चार-पाच वर्षांत जे मराठी चित्रपट पाहिले त्यांचा जमाखर्च या अंकासाठी मांडावयास बसलो आणि जुन्या टिपणवह्या उलगडल्या, तेव्हा ध्यानात आले की दृश्यांविषयीचा मजकूर त्यांत बेताचाच असून आवाजाविषयीच्या तक्रारींनी मात्र पानेच्या पाने भरली आहेत. ‘येथे व्हायोलिन कशासाठी?’, ‘बाई रडते आहे हे दिसते आहे, बासरीने पुन्हा कळवू नये’, ‘पावसाचा आवाज पुरेसा होता’ असे शेरे अंधारात, एकमेकांवर चढलेल्या ओळींत लिहिलेले आहेत. वयपरत्वे दृष्टी आणि श्रवण दोन्ही मंदावतात असे वैद्यशास्त्र सांगते. माझ्या बाबतीत पहिल्या इंद्रियाने राजीनामा दिला असून दुसरे चिडखोर होऊन कामावर कायम आहे. तेव्हा हा आढावा कानाचा आहे, एवढी कैफियत आरंभीच देऊन ठेवतो.

असे करण्यात परंपराभंग होतो असेही नाही. ‘अयोध्येचा राजा’ने १९३२ साली मराठी चित्रपटाला वाचा दिली, आणि ती देणाऱ्या प्रभात कंपनीत ध्वनिमुद्रणाचे खाते ज्यांनी सांभाळले ते विष्णुपंत दामले हेच पुढे फत्तेलालांसमवेत ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शक झाले, ही गोष्ट मला केवळ योगायोगाची वाटत नाही. १९३६ चा तो चित्रपट पुढल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याहून मोठा गौरव असा की त्यासाठी शांताराम आठवल्यांनी रचलेले एक पद लोक आजही तुकोबांचाच अभंग समजून म्हणतात. शब्द, चाल आणि विष्णुपंत पागनिसांचा कंठ यांचे इतके एकजीव मिश्रण झाले की लेखकाचे नावच त्यात विरघळून गेले. ध्वनीची जाण असलेल्या माणसाच्या हाती चित्रपट पडला म्हणजे काय होते याचा हा दाखला.

तेथून आजच्या ऐतिहासिक चित्रपटांकडे वळताना कानात कापूस घालावा लागतो. दिग्पाल लांजेकरांनी २०१८ च्या ‘फर्जंद’पासून २०२३ च्या ‘सुभेदार’पर्यंत शिवकालावर एकापाठोपाठ पाच चित्रपट केले, ‘पावनखिंड’ पाहायला तर गावोगावची कुटुंबे मुलाबाळांसह आली, आणि ज्या काळात चित्रपटगृहांचे मालक जागांच्या रिकाम्या रांगा मोजत बसले होते त्या काळात हे घडवून आणणे लहानसहान काम नव्हे. या उद्योगाविषयी माझ्या मनात आदर आहे. तक्रार आहे ती अशी की या चित्रपटांत कोणीही साधे बोलत नाही. पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेली ती १६६० च्या आषाढातली रात्र, कोसळणारा पाऊस, चिखलातून पळणाऱ्या बांदलांच्या तुकडीचे धापावलेले श्वास, एवढ्या सामग्रीवर एखाद्या कसबी ध्वनिसंयोजकाने प्रेक्षकाला खुर्चीला खिळवून ठेवले असते. पण पावलांच्या आवाजावर ढोल, ढोलांवर तुतारी, तुतारीवर समूहाची गर्जना असे थर चढत जातात आणि अखेरीस पराक्रमाच्या जागी केवळ गोंगाट उरतो. जो मनुष्य प्राणांवर उदार झाला आहे त्याला ओरडून सांगण्याची गरज नसते. हे बाजीप्रभूंना ठाऊक असावे, पार्श्वसंगीतकाराला नव्हते.

हा रोग केवळ इतिहासपटांचा नाही, आणि त्याचे मूळ शोधू गेल्यास ते दिवाणखान्यात सापडते. मराठी चित्रपटातले पुष्कळसे कलावंत आणि दिग्दर्शक दूरचित्रवाणीच्या मालिकांतून आलेले आहेत, आणि मालिकेचा प्रेक्षक भाजी निवडता निवडता, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता ती ऐकत असतो. त्याची नजर पडद्यावर नाही हे गृहीत धरून सासूच्या प्रत्येक कटाक्षाला तीन-तीन वेळा वीज कडाडवावी लागते. तीच सवय चित्रपटात शिरली. शिवाय चित्रपटगृहातली मुदत संपली की चित्रपटाचे उरलेले आयुष्य घरगुती पडद्यावरच जावयाचे असल्यामुळे, निर्मात्यालाही शांततेवर पैसे लावणे जोखमीचे वाटत असावे.

संगीत हाच ज्यांचा विषय, अशा दोन चित्रपटांनी मात्र या काळात माझे कान धुऊन काढले. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ २०२० साली व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत दाखल झाला, पटकथेचे पारितोषिक घेऊन आला आणि पुढल्या वर्षी, करोनाच्या ऐन कहरात, थेट घरोघरच्या पडद्यावर उतरला. रात्रीच्या निर्मनुष्य मुंबईत मोटारसायकल चालवणारा शरद नेरुळकर कानाला यंत्र लावून, जिने आपले गाणे कधी अधिकृतपणे मुद्रित होऊ दिले नाही अशा एका गायिकेची प्रवचने ऐकत जातो; तो आवाज सुमित्रा भावे यांचा. चित्रपट घरी आला त्याच एप्रिलात त्या निवर्तल्या, आणि त्यामुळे साधना, अहंकार, एकांत यांविषयीचे ते कठोर बोल ऐकताना अंगावर काटा येत असे. जो शिष्य सर्व काही करूनही मोठा गवई होत नाही त्याची ही कथा आहे, आणि तो कुठे उणा पडतो हे कोणत्याही पात्राने न सांगता केवळ त्याच्या तानेतून आपल्याला ऐकू येते. प्रेक्षकाच्या कानावर एवढा विश्वास टाकणारा दुसरा मराठी चित्रपट मला आठवत नाही. उलट निपुण धर्माधिकारी यांच्या ‘मी वसंतराव’मध्ये, लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करीत आयुष्याची उमेदीची वर्षे काढलेला एक मनुष्य मोठा गवई होतो, आणि त्यांचे नातू राहुल देशपांडे ती गायकी आपल्या गळ्यातून आजोबांच्या नावे पुन्हा रुजू करतात. सुमारे तीन तासांच्या या चित्रपटातली वीस मिनिटे मी खुशाल कापली असती. मात्र गाण्याची एकही नाही.

‘बाईपण भारी देवा’विषयी लिहिताना माझी थोडी पंचाईत होते. केदार शिंदे यांच्या २०२३ च्या या चित्रपटात सहा बहिणी आहेत, मंगळागौरीची स्पर्धा आहे, आणि प्रत्येक बहिणीचे दुःख आधी संवादातून, मग चेहऱ्यातून आणि शेवटी वाद्यमेळातून असे तिहेरी नोंदवले जाते. माझ्या नियमाने हा चित्रपट नापास व्हावयास हवा. परंतु मी तो पाहिला तेव्हा सभागृहात पुरुष बहुधा पाचसहाच होतो. बाकी नऊवारी नेसून, नथी घालून आलेल्या बायकांचे जथे होते, आणि पडद्यावर वंदना गुप्ते एक वाक्य बोलल्या की शेजारच्या रांगेतून त्याला उत्तर येई. मागल्या बाजूला कोणी हुंदके देत होते, कोणी त्या हुंदक्यांना हसत होते. चित्रपटाच्या ध्वनिपट्टीवर जे नव्हते ते या बायकांनी बरोबर आणले होते. वहीत मी त्या दिवशी काहीही लिहिलेले नाही.

गेल्या काही वर्षांतला सर्वांत सुखद बदल म्हणजे बोली. एके काळी वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणारे पात्र आले की तो गडी अथवा विदूषक असावयाचा, आणि नायक सदाशिव पेठेत जन्मल्यासारखा बोलावयाचा. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने ही सनद रद्द केली आणि आता नायिका आपल्या गावच्या भाषेत लाजते, चिडते आणि गप्पही बसते. जयंत दिगंबर सोमलकर यांचे ‘स्थळ’ हे याचे सर्वोत्तम उदाहरण. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात, बहुतांशी तिथल्याच अनुभवशून्य माणसांना घेऊन केलेला हा चित्रपट २०२३ साली टोरांटोला गेला, तेथे आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळवून आला आणि आपल्याकडे २०२५ च्या मार्चमध्ये प्रदर्शित झाला. कापूस पिकवणाऱ्या बापाची मुलगी सविता शिकते आहे, स्पर्धापरीक्षेला बसू पाहते आहे, आणि मधूनमधून पाहुण्यांसमोर तिला बसवले जाते: नाव, शिक्षण, उंची, आवडनिवड. तोच क्रम, तोच स्वर, तोच चहा. दिग्दर्शक हा प्रसंग एकदा नव्हे, वारंवार दाखवतो, आणि प्रत्येक खेपेस प्रश्न विचारणाऱ्या मंडळींच्या गळ्यातली ती जमीनमोजणीच्या कारकुनाची कोरडी लय जराही बदलत नाही. पहिल्या वेळी प्रेक्षक हसतात, दुसऱ्या वेळी थोडे कमी हसतात, आणि नंतर सभागृहात जी शांतता पसरते ती कोणत्याही व्हायोलिनला साधली नसती. नंदिनी चिकटे या मुलीने सवितेचे काम केले आहे असे म्हणणे अपुरे आहे. ती उत्तरे देताना तिचा आवाज दरवेळी सुताएवढा खाली येतो, आणि तो किती खाली आला हे तिच्या बापाला कळत नाही, आपल्याला कळते. शेवट सांगत नाही.

‘स्थळ’ची दुसरी बाजू पाहावयाची तर आदिनाथ कोठारे यांचा ‘पाणी’ पाहावा. तेथे नांदेड जिल्ह्यातल्या एका कोरड्या गावात मुलगी द्यावयास कोणी तयार नाही, म्हणून लग्नाळू नायक पाण्याच्या मागे लागतो. २०१८ च्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत पर्यावरणविषयक सर्वोत्तम ठरलेला हा चित्रपट चित्रपटगृहात पोचला २०२४ च्या ऑक्टोबरात. एवढ्या मुदतीत एखादी विहीरही खणून झाली असती. परेश मोकाशी यांची ‘वाळवी’ चतुर आहे आणि कुजबुजीचा उपयोग तिच्याइतका मिस्किलपणे कोणी केला नाही. त्यांनीच लिहिलेल्या आणि आशिष बेंडे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘आत्मपॅम्फलेट’मध्ये निवेदक क्षणभरही थांबत नाही, पण ती बडबड शाळकरी प्रेमात आणि देशाच्या राजकारणात एकाच दमात शिरते, म्हणून क्षम्य. निखिल महाजन यांच्या ‘गोदावरी’त नाशिकचा घाट दिसतो त्याहून अधिक ऐकू येतो. सुजय डहाके यांनी ‘श्यामची आई’ कृष्णधवल केली. धाडस रंगाचे झाले, आवाजाचे नाही.

शांततेचे सामर्थ्य आपल्या लोकप्रिय चित्रपटाला ठाऊकच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत जाऊन तिथल्या वाद्यवृंदाकडून संगीत वाजवून घेतले, आणि त्या वैभवशाली वाद्यमेळावर अवघा महाराष्ट्र २०१६ साली नाचला, परंतु त्याच चित्रपटाच्या अखेरीस मंजुळे यांनी सगळा आवाज काढून घेतला. शिट्ट्या वाजवत आलेले प्रेक्षक खाली माना घालून बाहेर पडले. पुढे त्या चित्रपटाची नक्कल करणाऱ्यांनी गाणी उचलली, मोटारसायकल उचलली, विहीर उचलली. ती शेवटची काही मिनिटे कोणी उचलली नाहीत.

२०२५ च्या सप्टेंबरात आठवड्याच्या अंतराने दोन चित्रपट आले. सुबोध खानोलकर यांच्या ‘दशावतार’मध्ये एक्क्याऐंशी वर्षांचे दिलीप प्रभावळकर बाबुली मेस्त्री या वृद्ध दशावतारी नटाच्या भूमिकेत ज्या तडफेने वावरतात ते पाहून तरुण नटांनी रजेचे अर्ज द्यावेत. कोकणातल्या जत्रांत रात्रभर चालणारे हे नाट्य लिखित संहितेवाचून, जागच्या जागी सुचलेल्या संवादांवर उभे राहते; पेटी, पखवाज आणि झांज एवढाच त्याचा सरंजाम. चित्रपटाचा पूर्वार्ध या सरंजामाचा मान ठेवतो. उत्तरार्धात सूडाचे चक्र फिरू लागते आणि पखवाजाला यंत्रसंगीत गिळून टाकते. याच्या नेमका उलट रोहन परशुराम कानवडे यांचा ‘सबर बोंडं’. वडिलांच्या मृत्यूनंतर मुंबईहून गावी आलेला आनंद, सुतकाचे दहा दिवस, त्याच्या लग्नाचा तगादा लावणारे नातेवाईक, आणि बालपणीचा मित्र बाळ्या, ज्याच्याशी असलेल्या नात्याला गावाच्या भाषेत शब्द नाही. एवढ्या ऐवजावर सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातले सर्वोच्च पारितोषिक मिळवणाऱ्या या चित्रपटात पार्श्वसंगीत मुळीच नाही. शेळ्या, वारा, भांडी, माणसांचे श्वास. आई मुलाला जे सांगावयाचे ते दोन वाक्यांत सांगते आणि कामाला लागते.

तो मी एका बहुपडदा चित्रपटगृहात, सकाळच्या खेळाला, दहाबारा माणसांच्या सोबतीने पाहिला. दोघे मित्र रानात बसलेले असताना फार दूरवरून ढोलासारखा एक घुमार येऊ लागला. जणू डोंगरापलीकडे कुणाची जत्रा भरली आहे आणि हे दोघे तिच्याबाहेर आहेत. मला ती योजना इतकी आवडली की मी लगबगीने वही काढून लिहिले: ‘दूरच्या ढोलाचा उपयोग अप्रतिम. दिग्दर्शकाची ध्वनीची जाण असामान्य.’ मध्यंतरात बाहेर आलो तेव्हा शेजारच्या सभागृहाचे दार अर्धवट उघडे होते, आत ‘दशावतार’ चालू होता, आणि दाराशी उभा असलेला कर्मचारी एका गृहस्थांना सांगत होता, की भिंत पातळ आहे, तक्रार वर कळवली आहे. वहीतली ती दोन वाक्ये मी अजून खोडलेली नाहीत.