जबडा पुढे, श्वास मोकळा
झोप आणि श्वास : लेखांक ५

मागच्या आठवड्यात आपण सीपॅप पाहिलं. झोपेत श्वास अडण्याच्या आजारात, म्हणजे ॲप्नियात, हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारा हा उपचार सिडनीच्या कॉलिन सुलिव्हान यांनी १९८१ मध्ये जगापुढे आणला. परिणामकारकतेत त्याचा पहिला नंबर आजही कायम आहे. पण मास्क लावून झोपणं सगळ्यांना जमत नाही. कुणाला गुदमरल्यासारखं होतं, कुणी झोपेतच तो ओढून काढतं, आणि काही दिवसांतच यंत्र कपाटात जातं. अशांसाठी दातांवर बसवायचं एक छोटं साधन उपलब्ध आहे.

त्यामागची युक्ती भूलतज्ज्ञ रोज वापरतात. बेशुद्ध रुग्णाचा श्वास अडला की ते त्याचा खालचा जबडा दोन्ही बाजूंनी धरून पुढे ढकलतात. जिभेचा मुख्य स्नायू हनुवटीच्या आतल्या बाजूला हाडाला जोडलेला असतो, त्यामुळे जबड्याबरोबर जीभही पुढे येते. टाळूमागची वाटही रुंदावते. हेच काम रात्रभर करायचं, तर वरच्या आणि खालच्या दातांवर ॲक्रिलिकच्या दोन पट्ट्या बसवून, त्या जोडून, खालचा जबडा पुढे धरून ठेवायचा.

दंतवैद्य दातांचं माप घेतात आणि साधन तयार करून घेतात. आपला जबडा जास्तीत जास्त जितका पुढे येतो, त्याच्या साधारण निम्म्यापासून सुरुवात होते. मग स्क्रूने किंवा पट्टा बदलून तो थोडा थोडा, एकेक मिलिमीटर किंवा त्याहून कमी, पुढे नेला जातो. गरम पाण्यात मऊ करून स्वतःच चावून बसवायची तयार साधनं स्वस्त मिळतात. पण ती नीट बसत नाहीत आणि त्यांचा परिणामही कमी असतो.

हे कुणाला उपयोगी पडतं? नुसतं घोरणाऱ्यांना, आणि सौम्य ते मध्यम ॲप्निया असलेल्यांना; म्हणजे झोपेच्या तासाला ५ ते ३० वेळा श्वास थांबतो किंवा मंदावतो त्यांना. उताणं झोपल्यावरच त्रास वाढणाऱ्या आणि फार वजन नसलेल्या रुग्णांत यश जास्त दिसतं. तीव्र आजारात सीपॅपच आधी. ते सोसतच नसेल, तर काहीच न करण्यापेक्षा हे बरं. अमेरिकेतल्या निद्रावैद्यक आणि दंत-निद्रावैद्यक या दोन संस्थांच्या २०१५ च्या संयुक्त मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. मात्र मेंदूच श्वासाचा आदेश देत नाही, त्या सेंट्रल ॲप्नियात जबडा पुढे आणून काही साधत नाही.

दात हलत असतील, हिरड्या सुजलेल्या असतील किंवा जबड्याच्या सांध्यात दुखणं असेल, तर आधी त्यावर उपचार हवेत. पूर्ण कवळी असेल तर या साधनाला आधारच मिळत नाही. अशांसाठी जीभ पोकळ फुग्यात ओढून पुढे धरणारं वेगळं साधन असतं.

सुरुवातीला लाळ जास्त सुटते, सकाळी जबडा दुखतो, दात नीट जुळत नाहीत असं वाटतं. हे बहुतेकदा थोड्या वेळात ओसरतं. वर्षानुवर्षांच्या वापराने मात्र दात हळूहळू सरकू शकतात आणि चावा बदलतो, म्हणून दंतवैद्याकडे नियमित जायला हवं.

सगळ्यात मोठा धोका मात्र गैरसमजाचा आहे. घोरणं थांबलं, घरच्यांना झोप लागली, म्हणजे आजार बरा झाला असं सगळे धरून चालतात. आवाज बंद होऊनही श्वास अडत राहू शकतो आणि रक्तातला ऑक्सिजन घसरत राहू शकतो. म्हणून साधन घेण्याआधी स्लीप स्टडी करावी आणि जबडा योग्य जागी आल्यावर, साधन तोंडात ठेवूनच, ती पुन्हा करावी. निदान निद्रातज्ज्ञाने करायचं, साधन दंतवैद्याने बनवायचं, आणि ते चाललं की नाही हे दुसऱ्या तपासणीच्या आकड्यांवरून ठरवायचं.

पुढच्या आठवड्यात : वजन, गळ्याचा घेर आणि ॲप्निया.