टाकीतलं झाड सावली देईल?

बारामतीच्या एसटीची वाट बघत अंथुर्ण्यात कधी भर उन्हात उभे राहिलात? मग हे वाचाच. सर्बियातल्या बेलग्रेडमध्ये २०२१ साली रस्त्याकडेला ६०० लिटर पाण्याची काचेची टाकी बसवली गेली. आत सूक्ष्म शेवाळ. पंप हवा आत ओढतो. शेवाळ उजेडात कार्बन डायऑक्साइड शोषतं, ऑक्सिजन सोडतं. वर मोबाइल चार्जिंगचीही सोय! दहा वर्षांच्या दोन झाडांइतकं काम ती करते, असा तिथल्या शास्त्रज्ञांचा दावा. पण तेच सांगतात, टाकी झाडांच्या जागी नाही. जिथं झाड लावायला जागाच उरली नाही, तिथं बसवायची.

आपल्याकडे जागा आहे. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम अंथुर्ण्यात असतो. दमलेल्या किती वारकऱ्यांना टाकी सावली देणार? यंदा एक वड लावा. आणि हो, पुढचे तीन उन्हाळे त्याला पाणीही घाला.