आईची ओवी लिहून ठेवली का?



आमच्या सिंदी (रेल्वे) गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. पोरे आपापले लाकडी नंदी सजवून आणतात. नंदीच्या झुलीला टाके घालायला आदल्या रात्री घरातली आई जागलेली असते. झूल सगळे पाहतात, वाखाणतात. पण टाके घालताना ती काय गुणगुणत होती, हे विचारायचे कोणाला सुचत नाही. त्याविषयीच आज चार शब्द सांगायचे आहेत.

बी. एस्सी. (कृषी) होऊन मी विस्ताराच्या कामाला लागलो, त्याला आता तीस वर्षे होत आली. टिपण ठेवायची सवय अंगी मुरली आहे. कोणाच्या वावरात कपाशीचे कोणते वाण, पेरा केव्हा झाला, बोंडअळी कधी दिसली, एकरी उतारा किती आला, सारे डायरीत सापडेल. माझी आई पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची, निंदणाला जाताना नव्या जुळवायची. त्यातली एकही माझ्या डायरीत नाही.

एकदा मी तिला म्हणालो होतो, "माय, हे लिहून ठेवू का?" ती हसली. म्हणाली, "लिवाले थो का हिशोब हाय, बापू? तुह्या कामाचं लिव." मीही कामाचेच लिहीत राहिलो. ती गेल्यावर बहीण आणि मी तिची एक ओवी जुळवायला बसलो. सुरुवात दोघांनाही आली. पुढे बहिणीचे वेगळे, माझे वेगळे. खरे कोणते, हे सांगणारी आता घरात नव्हती.

त्या दिवशी मला बहिणाबाई चौधरींची फार आठवण झाली. आपल्या स्टेशनावरून मुंबईकडे जाणारी रेल्वे वर्धा, अकोला, भुसावळ करीत जळगावला पोहोचते. त्या जळगावाजवळच्या असोदे गावी १८८० साली बहिणाबाई जन्मल्या. मुलूख आपल्यासारखाच, कपाशीचा. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींच्या घरी आल्या. ओंकार, सोपान आणि काशी ही त्यांची तीन लेकरे. ऐन उमेदीत वैधव्य आले. प्लेगात ओंकारला कायमचे अपंगत्व आले. शेत, घर आणि लेकरे या तिन्हींचा भार एकट्या बाईवर पडला.

अशी बाई गाणी केव्हा रचत असेल? वेगळा वेळ तिला कोण देणार? दळता दळता, पेरता पेरता, निंदता निंदताच ती रचली गेली. जे हातात होते तेच गाण्यात आले: चूल, जाते, पेरणी, मळणी, सुगरणीचा टांगलेला खोपा, आणि पिकात शिरणाऱ्या ढोरासारखे अनावर मन. भुईतल्या बियाण्याला कोंब कसा फुटतो, हे आम्ही महाविद्यालयात आकृत्या काढून शिकलो. या माउलीने ते बांधावर बसून पाहिले होते.

बहिणाबाईंच्या घरात एक गोष्ट मात्र वेगळी घडली. मुलगा सोपानदेव स्वतः कवी निघाला. आई जे म्हणते ते मोलाचे आहे हे त्याने ओळखले. त्याने आणि त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी याने गाणी कागदावर उतरवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. पुढे सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले, आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला या निरक्षर शेतकरी आईचे नाव दिले गेले.

तरीही नीट ऐका: त्या पहिल्या पुस्तकात गाणी होती अवघी ३५. जन्मभर गाणाऱ्या बाईची एवढीच! बाकीची बहुतेक वेळेवर टिपली न गेल्याने त्यांच्याबरोबरच गेली. घरात कवी मुलगा असून ही गत; मग तुमच्या-माझ्या घरची काय कथा?

असे टिपण करता येत नाही, असे मात्र नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्या गाणाऱ्या बाया तुमच्या-माझ्या आयांसारख्याच होत्या.

तेव्हा आपल्या घरी हे करून पाहा. आईला, आजीला समोर बसवून "म्हण" म्हणू नका, ती लाजेल. ती शेंगा फोडत असेल, गोधडी शिवत असेल, तेव्हा जवळ बसा. हातात मोबाईल असतोच, त्यात आवाज भरून घ्या. पण मोबाईल बिघडतो, म्हणून वहीतही उतरवा. ती म्हणेल तसेच लिहा. पुस्तकी मराठी करू नका. बहिणाबाईंची गाणी त्यांच्या खानदेशी बोलीतच छापली गेली. ओवीखाली तिचे नाव, माहेरचे गाव आणि ती कोणत्या कामाच्या वेळी म्हणायची, एवढे टिपा. अडलेल्या शब्दाचा अर्थ तिलाच विचारा.

हे काम मुलीवर किंवा सुनेवर ढकलून मोकळे होऊ नका. मुलांनी, नातवांनीही बसावे. पुढच्या हंगामावर तर मुळीच टाकू नका. पेरणी चुकली तर दुबार करता येते.

माझ्या आईच्या ओवीची सुरुवात मी आता डायरीत लिहिली आहे, बोंडअळीच्या टिपणाशेजारीच. खाली दोन शेवट लिहिले आहेत, एक बहिणीचा आणि एक माझा. तुमच्या घरी तो शेवट सांगणारी अजून असेल, तर आज संध्याकाळी तिच्याजवळ वही घेऊन बसा.